संध्याकाळी साडेसातची अर्धी गोळी

चिठ्ठीवर ‘अ‍ॅमिट्रिप्टिलिन १०’ एवढंच लिहिलं होतं. मेडिकलमधल्या मुलाने स्ट्रिप देताना आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, ही डिप्रेशनची गोळी आहे, माहीत आहे ना?" मी घरी आले, स्ट्रिप डब्यात टाकली आणि पुढचे अकरा दिवस तिला हात लावला नाही. मी उदास नाही, मी दमलेय, असं चार वर्षं प्रत्येक डॉक्टरला सांगत आले होते. आणि शेवटी हातात हेच पडलं, म्हणजे माझ्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, असं मला वाटलं. तसं नव्हतं. तुम्हालाही क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न हटणारा थकव्याचा आजार, असेल आणि हातात अशी चिठ्ठी आली असेल, तर तुमचे अकरा दिवस तरी वाया जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

मी सांगलीत शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. २०१८च्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, पण अंगातलं बळ काही परत आलं नाही. दोन तास लागोपाठ उभं राहून शिकवलं की त्या दिवशी निभायचं, पण तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जात नसे. रात्री नऊ तास पडून राहूनही सकाळी अंग कुटल्यासारखं असायचं. श्रमानंतर उशिराने येणारं हे कोसळणं आणि झोपूनही न उतरणारा शीण ही क्रॉनिक फटीग सिंड्रोमची मुख्य खूण. पण नाव देण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. घोरत असाल तर झोपेत श्वास अडतो का, तेही बघा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं सगळं दुखणं थायरॉइडचं निघालं.

आता गोळीबद्दल. उदासीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात. ५, १० किंवा २५ मिलिग्रॅममध्ये ती वेगळ्या कामाला येते. इतक्या कमी मात्रेत ती मुख्यतः शरीरातल्या हिस्टामिनला (मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनाला) अडवते, त्यामुळे झोप लागते आणि टिकते. शिवाय नसांतून येणारी वेदना थोडी मंदावते. मायग्रेनसाठी आणि नागीण बरी झाल्यावर उरणाऱ्या आगीसाठी डॉक्टर ती वर्षानुवर्षं देत आलेत. म्हणजे ती लिहून देणाऱ्याने तुम्हाला ‘मनाचं आहे’ म्हटलेलं नसतं.

ती ताकद मात्र देत नाही. हे नीट मनात ठेवा, नाहीतर महिन्याभरात निराश व्हाल. हा आजार बरा करणारं औषध अजून कुठलंच नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत कुठलंही औषध या आजारावरचा इलाज म्हणून देऊ नये, असंच म्हटलंय. फ्लुओक्सेटिन या उदासीवरच्या दुसऱ्या गोळीची या आजारासाठी नेदरलँड्समध्ये चाचणी झाली होती, १९९६ साली ती छापून आली. त्यात थकवा कमी झाला नाही. म्हणून ‘उदासीची कुठलीही गोळी चालेल’ असं समजू नका. अ‍ॅमिट्रिप्टिलिनचंही पक्कं पाठबळ वेदना आणि मायग्रेनसाठी आहे. आपल्या आजारात ती झोप आणि अंगदुखी यांच्यासाठी घ्यायची.

सुरू करण्याआधी घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, आयुर्वेदिक आणि सर्दीखोकल्याचीही. ट्रॅमाडॉल (हाडांचे डॉक्टर सर्रास देतात ती दुखण्यावरची गोळी), फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन (दोन्ही उदासीवरच्या) यांच्याबरोबर ती घेणं धोक्याचं ठरू शकतं. काचबिंदू, लघवी अडकण्याचा त्रास, हृदयाची तक्रार, फिट्स, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी सांगा. छातीत धडधडत असेल किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तेही सांगा, कारण आपल्यात हा त्रास अनेकांना असतो आणि ही गोळी तो वाढवू शकते. माझा आधी ईसीजी काढला होता.

आपल्यासारख्यांना औषधांचा परिणाम जरा जास्तच जाणवतो, म्हणून डॉक्टरांनी मला १०ची अर्धी, म्हणजे ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला लावली. तुमची गोळी मोडता येण्यासारखी आहे का, हे विचारून घ्या. मोडलेली बाजू जिभेला लागली की कडू लागतं आणि जीभ बधिर होते. मी पहिल्यांदा घाबरले होते. लगेच पाण्याबरोबर गिळा.

वेळ मात्र नीट जुळवा, सगळी गंमत तिथेच आहे. पहिले चार दिवस मी झोपताना दहाला गोळी घेतली आणि सकाळी पहिल्या तासाला फळ्यावरची अक्षरं तरंगत होती. मग डॉक्टरांना फोन करून वेळ साडेसातवर आणली. नवाच्या सुमारास डोळे जड होतात आणि सहाला डोकं स्वच्छ असतं. पहिला आठवडा स्कूटी चालवू नका. दारू नको. सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गुंगी दुप्पट होते.

तोंडाला कोरड पडते, मी बाटली उशाशी ठेवते. शौचाला घट्ट होतं, त्यासाठी रात्री इसबगोल. पहाटे उठताना आधी बसा, पाय खाली सोडा, मिनिटभर थांबा, मग उभ्या राहा. वजनही वाढू शकतं, माझं तीन किलो वाढलं. दीड महिन्यानंतर २५ करून पाहिलं तेव्हा छाती इतकी धडधडली की पुन्हा डॉक्टरांशी बोलून १०वर आले. झोप मला आठवड्यातच लागू लागली, पिंडऱ्यांचं दुखणं कमी व्हायला पाच आठवडे गेले.

आणि इथेच माझी चूक झाली. तीन रात्री सलग झोप लागली, अंग हलकं वाटलं, म्हणून रविवारी पडदे धुतले, माळा आवरला. मंगळवारपासून नऊ दिवस अंथरुणात. झोपेतून मिळालेलं बळ लगेच खर्च करायचं नाही. पूर्वी जेवढं करत होता, तेवढंच पुढचे दोन महिने करा. मी शंभर पानी वहीत रोज तीन आकडे लिहिते: किती वाजता झोपले, दुखणं दहापैकी किती, किती वेळ उभी होते. डॉक्टरांना ‘बरं वाटतंय’ म्हणण्यापेक्षा ती वही दाखवणं कामाचं.

मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ही छोटी मात्रा त्यावर पुरेशी नाही. ते स्वतंत्रपणे सांगा. विशीतल्या मुलामुलींच्या घरच्यांनी सुरुवातीचे आठवडे विशेष लक्ष ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कधीही लावता येतो. आणि स्ट्रिप कुलपात ठेवा. एकदम जास्त गोळ्या गेल्या तर हृदयावर घाला पडतो, लहान मुलांना तर थोड्याही पुरतात. माझा भाचा सुट्टीत येतो तेव्हा किल्ली माझ्या मंगळसूत्राला असते.

बंद करायची झाली तर एकदम सोडू नका, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करा. मला मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, ५वर येऊन बघायचं का? मे महिन्यात बघू म्हटलं. तेव्हा चार रात्री झोप बिघडली, तरी सकाळी सातची घंटा गाठायची नसते.