कोल्हापुरात बसून हेगचा कायदा शिकताना

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात ज्युनिअर म्हणून येणारी पोरं मला हमखास विचारतात, "सर, बड्या देशांना हेगमध्ये कोण उभं करणार?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर बातम्यांत शोधू नका. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे, तो रोम स्टॅच्यूट उघडा आणि आधी कलम 12 आणि 13 वाचा. नरसंहाराच्या व्याख्या नंतर वाचल्या तरी चालतील.

खरी मेख तिथे आहे. गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा, नाहीतर आरोपी तरी सदस्य देशाचा असावा. नसेल, तर संबंधित देशाची संमती लागते किंवा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं प्रकरण पाठवावं लागतं. 2005 मध्ये परिषदेनं सुदानमधल्या दारफूरचं प्रकरण पाठवलं. 2014 मध्ये सीरियाचं प्रकरण पाठवण्याचा ठराव रशिया आणि चीननं नकाराधिकार वापरून पाडला. मात्र रशिया सदस्य नसतानाही मार्च 2023 मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं, कारण युक्रेननं आपल्या भूमीपुरता अधिकार मान्य केला होता. पुढच्या वर्षी ते मंगोलियात जाऊन आले. मंगोलिया सदस्य, तरी अटक नाही. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीसच नाहीत!

एलएलएमच्या प्रबंधाला विषय हवा असेल तर आक्रमणाचा गुन्हा, म्हणजे एका देशानं दुसऱ्यावर बेकायदा सशस्त्र हल्ला करण्याचा गुन्हा, घ्या. 2018 पासून तो लागू आहे, पण परिषदेनं प्रकरण पाठवलं नसेल तर सदस्य नसलेल्या देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे. माझ्या मते दुरुस्तीची पहिली जागा हीच. भारतही सदस्य नाही, आणि परिषदेला दिलेल्या अधिकारांवर आपला आक्षेप 1998 पासूनचा आहे. तोही नीट वाचा, उगाच देशभक्ती किंवा देशद्रोहाच्या खात्यात टाकू नका.

आणि सेशन्स कोर्ट सोडू नका. केनियाचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष रुटो यांच्यावरचा हेगमधला खटला 2016 मध्ये मधेच संपला. साक्षीदारांवर दबाव आला, काही फिरले. साक्षीदार फितूर झाल्यावर सरकारी वकिलाची काय गत होते, हे आपल्याकडे दर आठवड्याला पाहायला मिळतं. उलटतपास, पंचनामा, मुद्देमालाची साखळी इथेच शिका. हेगमध्ये इंटर्नशिपसाठी इंग्रजी किंवा फ्रेंच लागतं. इंग्रजी चालतं म्हणून फ्रेंच टाळू नका. काँगो, माली, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांच्या प्रकरणांतली बरीच कागदपत्रं फ्रेंचमध्येच आहेत.