जपानी शब्द पाठ करू नका, फोडा

जपानी शिकायला लागलं की सगळे आधी पाचशे शब्दांची लिस्ट डाउनलोड करतात आणि आठ दिवसांत विसरतात, मी पण तेच केलेलं. मग कळलं की शाळेत समास फोडायचो ना, तसे यांचे शब्द फोडायचे. यामा डोंगर, कावा नदी, ता भातशेत, नाका मध्ये, मुरा गाव, मोतो मूळ किंवा बुंधा, सुरुवातीला एवढे सहा बास. आता यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा, तानाका शेतामधला, नाकामुरा मधल्या गावचा. आपले डोंगरे असतात तसंच की. साध्या लोकांना आडनाव लावायची सक्ती तिकडं १८७५ ला झाली.

जोडताना आवाज बदलतो, तिथं घाबरायचं नाही, संधी झाली समजायचं. होन म्हणजे पण मूळ, आणि ता चा दा होतो म्हणून होन्दा, मूळ शेत. ओरि म्हणजे घडी आणि कामि कागद, जोडलं की ओरिगामि. इमोजी पण त्यांचाच, ए म्हणजे चित्र, मोजि म्हणजे अक्षर, इंग्लिशमधल्या इमोशनशी काही संबंध नाही.

गोची एकच, अर्थ आवाजात नसतो, कांजीत, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या अक्षरात असतो. हाना म्हणजे फूल आणि हाना म्हणजे नाक पण! त्यामुळं कुणी पोरीसाठी जपानी नाव विचारलं तर आधी कांजी कुठली ते ठरवा, नुसतं ऐकून योको चा अर्थ सांगणारे यूट्यूबवाले सरळ स्किप करा.

दीर्घ स्वर तर मान खाली घालायला लावतात. ऑनलाइन क्लासात सेन्सेईंनी त्यांच्या मावशीचा फोटो दाखवला आणि मी जोरात ओबाआसान म्हणालो. ओबासान मावशी किंवा काकू, ओबाआसान आजी. सगळा क्लास हसला, सेन्सेई पण. तेव्हापासून वहीत ‘आ’ दोनदा लिहितो. आणि सान स्वतःच्या नावाला लावायचं नाही, आपण कुठं स्वतःला साहेब म्हणतो.

वाक्याचं मात्र टेन्शन नाही, क्रियापद शेवटीच येतं आणि प्रत्यय शब्दाच्या मागं. त्यांच्यात ल नाही म्हणून सांगलीची सान्गुरी होते, ‘सान्गुरी कारा किमाशिता’, सांगलीहून आलो, कारा म्हणजे आपलं हून. ने म्हणजे ना, भडंग खाताना ‘ओइशी देसु ने’, मस्त आहे ना. आणि यो म्हणजे जवळजवळ आपल्या सांगलीचा ‘की’, ‘आरिमासु यो’, हाय की! पुण्याच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

रोज हाताखालची एक वस्तू घ्यायची आणि तिचं नाव तिच्यावरच लिहायचं. मी मार्केट यार्डात हिशेब बघतो, तर हळदीच्या पोत्यावर खडूनं काताकाना या जपानी लिपीत तीन अक्षरं लिहिली, उ को न. जपानी लोक दारू प्यायच्या आधी याचंच पेय पितात. हमालमामा म्हणाले, ह्यो कुठला नवा मार्का? आता पोती मोजताना तेच ओरडतात, उकोन बारा!