एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), नर्सिंग की मानसशास्त्र?

आधी एका रुग्णाचा विचार करा. त्याला औषध देणं, ड्रेसिंग बदलणं आवडेल, तर नर्सिंग. पण बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावी विज्ञान आणि नंतर चार वर्षं लागतात. त्याची भीती समजून घेऊन उपचार करावेसे वाटले, तर चिकित्सा मानसशास्त्र. इथे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच, मानसशास्त्राच्या नेहमीच्या एम.ए.वर ती मिळत नाही. आणि घरी गेल्यावर त्याचं रेशन, उपचारांचा खर्च, दाखले यांचं काय, हा प्रश्न तुम्हाला छळत असेल, तर एमएसडब्ल्यू: कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षं.

त्यातलं क्षेत्रकार्य हीच खरी परीक्षा. आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात जातात, आणि प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहावा लागतो. लिहायचा कंटाळा असणारे इथेच अडकतात. म्हणून प्रवेशाआधी महिनाभर एखाद्या संस्थेत काम करा आणि तिथल्या कार्यकर्त्यांना पगार व कराराची मुदत स्पष्ट विचारा. बरीच पदं प्रकल्पावरची असतात. निधी संपला की नोकरीही संपते. डॉक्टर-नर्ससारखी सर्वसाधारण समाजकार्यासाठी राष्ट्रीय परिषद नाही. मनोरुग्णसेवेत मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याला (सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर) नोंदणी दिली आहे.