स्लिट लॅम्पची रेघ शार्प, पण कॉर्निया धूसर? माझं असं सुटलं

खानापूरच्या आमच्या डोळ्यांच्या क्लिनिकात स्लिट लॅम्प (उजेडाची बारीक रेघ टाकून डोळा मोठा करून दाखवणारं मशीन) वापरताना रेघ शार्प केली की कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) धूसर आणि कॉर्निया स्पष्ट केला की रेघ पसरट. बल्ब बदलला, आरसा पुसला, बेळगावचा मेकॅनिकपण बघून गेला, पंधरा दिवस नुसता डोक्याला ताप.

दोष आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) सेटिंगमध्ये होता. मशीन आम्ही दोघं वापरतो, चष्म्याचे नंबर वेगळे.

फोकसिंग रॉड (फोकस तपासायची दांडी) मधल्या पिव्होटच्या (मशीन ज्याभोवती फिरतं त्या खुंट्याच्या) भोकात बसवली, काळी सपाट बाजू मायक्रोस्कोपकडे, रेघ एकदम बारीक. मग आयपीस त्यावरच्या आकड्यांत पूर्ण प्लसकडे नेऊन एका वेळी एकच डोळा लावून हळूहळू मायनसकडे फिरवला, रेघ पहिल्यांदा धारदार दिसली तिथंच थांबलो. पुढं गेलात तर परत प्लसपासून, कारण आपला डोळा स्वतःच फोकस ओढून घेतो. मग दुसरा आयपीस, शेवटी पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, जुळवलं. दोघांचे आकडे मशीनवर चिकटवलेत.