टॅक्टाइल म्हणजे टॅक्टिकल नाही हो! या चुका टाळा

मागे एकदा ऑफिसच्या मेलमध्ये मी ठोकून दिलं की या क्लायंटच्या बाबतीत आपण टॅक्टाइल अप्रोच ठेवू. मला म्हणायचं होतं डावपेच आखून चालू, पण साहेबांचं उत्तर आलं, "म्हणजे नक्की कुठे हात लावायचाय?" अख्खी टीम सीसीमध्ये होती, त्यामुळे पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका.

तर पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच. हाताला, बोटाला, कातडीला जे जाणवतं ते टॅक्टाइल. मूळ लॅटिन, टांगेरे म्हणजे शिवणं, त्याचं रूप टॅक्टुस, त्यावरून टॅक्टिलिस, आणि सतराव्या शतकात तो इंग्लिशमध्ये आला. टॅक्टिक्स आणि टॅक्टिकलचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, ते ग्रीकमधून आलेत, तिथे मूळ अर्थ मांडणी करणं, रचणं, म्हणजे रणांगणावर सैन्य कसं उभं करायचं ते. टेक्स्टाइल तर तिसरंच, ते विणणं या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलंय. गंमत म्हणजे टॅक्टफुल मात्र खरंच याच घरातला, कारण टॅक्ट म्हणजे इंग्लिशमध्ये आधी चक्क स्पर्श, माणसं सांभाळून घ्यायची हातोटी हा अर्थ नंतर फ्रेंचमधून आला. पण म्हणून टॅक्टफुलच्या जागी टॅक्टाइल चालत नाही.

दुसरी चूक आपल्या मराठी डोक्यातून येते. आपण हृदयस्पर्शी म्हणतो ना, मग लोक सिनेमाला टॅक्टाइल स्टोरी म्हणून मोकळे होतात. तिथे टचिंग पाहिजे, आणि टचिंगच्या जागी टची लिहिलंत तर अजून पंचाईत, कारण टची म्हणजे ज्याला जरा काही बोललं की लगेच लागतं तो.

टँजिबलमध्येही लोक अडकतात. तोही टांगेरेचाच, पण टँजिबल म्हणजे खरंखुरं, ठोस, जे आहे असं दाखवता येतं. टँजिबल रिझल्ट बरोबर, टॅक्टाइल रिझल्ट चूक, कारण रिझल्ट खरखरीत आहे का गुळगुळीत हे कोणी विचारत नाहीये!

अडलात तर एकच चाचणी करायची, डोळे मिटून बोट फिरवलं तर कळेल का? मेट्रो स्टेशनवरच्या, अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या त्या पिवळ्या उठावाच्या टाइल्स कळतात, म्हणून ते टॅक्टाइल पेव्हिंग. ही कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची, 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. (त्यांच्यावर बाइक लावणाऱ्यांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.) कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तोही टॅक्टाइल. फोन थरथरतो त्याला मात्र हॅप्टिक म्हणायची पद्धत आहे, तो शब्द ग्रीक.

लक्षात राहत नसेल तर याची भावंडं बघा. कॉन्टॅक्ट म्हणजे एकमेकांना शिवणं. इंटॅक्ट म्हणजे ज्याला कोणी हातही लावलेला नाही ते, आणि न शिवलेलं म्हणजे अख्खं, म्हणून गणितातला इंटिजर, आपला पूर्णांक. टँजंटला दहावीच्या भूमितीत स्पर्शिका म्हणतात, तिथे तर सरळ भाषांतरच आहे. आणि कंटेजियस, म्हणजे शिवल्याने पसरणारं, त्याला आपण काय म्हणतो, लागण! लागणं, लागण, मनाला लागणं, आपल्याकडेही सगळं एकाच क्रियापदातून निघालंय.

उच्चाराचं म्हणाल तर ब्रिटिश टॅक्टाइल म्हणतात, अमेरिकन बरेचदा टॅक्टल, दोन्ही बरोबर, फक्त टॅक्टाइलीश असला शब्द नाहीये, तो मीच त्या मेलवर माफी मागताना बनवला होता.