इंधन जळण्याची गणितं मोल न काढता

इतके ग्रॅम इंधन जाळलं तर कार्बन डायऑक्साइड किती, या गणितात मोल (रसायनशास्त्रात पदार्थाचे कण मोजायचं एकक) काढता काढताच निम्मी पोरं अडकतात. मी आता समीकरणाखाली सरळ वजनांची ओळ लिहून टाकते.

१. आधी समीकरण बॅलन्स करा, म्हणजे प्रत्येक प्रकारचे अणू दोन्हीकडे सारखेच हवेत. प्रोपेन (एलपीजीत असतो तोच) घ्या: १ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी.

२. प्रत्येकाखाली त्याच्या आधीचा आकडा गुणिले रेणुवस्तुमान (त्यातल्या अणूंच्या वजनांची बेरीज) लिहा: ४४ + १६० → १३२ + ७२. दोन्हीकडे बेरीज २०४ आली ना, मग बॅलन्सिंग बरोबर, नाही आली तर पुढे जाऊच नका, तिथेच चूक शोधा.

३. गणितात ११ ग्रॅम प्रोपेन दिलाय, म्हणजे ४४ चा पाव, मग सगळ्यांचाच पाव करायचा: ऑक्सिजन ४०, कार्बन डायऑक्साइड ३३, पाणी १८. किलो दिलं असेल तरी हेच, फक्त उत्तर किलोत.

एक सांभाळा, ऑक्सिजन जोडीने असतो त्यामुळे ३२ धरायचं, घाईत १६ लिहिलं जातं (माझंही व्हायचं) आणि अख्खं गणित बोंबलतं.