बेलिफ समन्स घेऊन आला, तर कोर्टाचे शब्द कसे वाचायचे

केळीच्या बागेचा बांध कोरला जातो, शेजारी चारी वळवतो, भाऊ वाटणीचा दावा लावतो. रावेर-यावल असो की शहादा-शिरपूर, दिवाणी कोर्टाची पहिली ओळख बहुतेकदा अशीच होते. समन्स घेतलंच नाही तर केस पुढे सरकत नाही, हा गावोगावचा समज साफ चुकीचा आहे. तुम्ही नाकारलं तर बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, प्रत दारावर चिकटवून कोर्टात अहवाल देतो, आणि बजावणी झाली असं कोर्ट धरू शकतं. पुढचं कामकाज तुमच्यावाचून चालतं, त्याला ‘एकतर्फा’ म्हणतात. म्हणून कागद घ्या, सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने टाका. सोबत दाव्याची नक्कल नसेल तर तेही तिथेच लिहा.

‘रे. मु. नं.’ म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर. दावा लावणारा वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. आरोपी हा शब्द फौजदारीतला. प्रतिवादी झालं म्हणजे गुन्हा लागला, असं नाही. दाव्यातला गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी ताडून पाहा. शेवटचा विनंतीचा परिच्छेद नीट वाचा: ताबा मागितलाय, वाटप मागितलंय की फक्त मनाई, ते तिथे कळतं.

दाव्याला दिलेलं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची. कारण पटलं तर कोर्ट ही मुदत एकूण ९० दिवसांपर्यंत वाढवतं. पहिल्या तारखेपासून दिवस मोजणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे ‘दावा खोटा आहे’ एवढंच मोघम लिहिणं. जे विधान स्पष्टपणे नाकारलं नाही, ते कबूल केलं असं धरता येतं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर हवं.

शेतीच्या वादात खरी घाई असते ती निशाणी ५ ची. निशाणी म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज सहसा पाचव्या क्रमांकावर येतो, म्हणून हे नाव. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शेतात कुणी काय करायचं नाही, ते इथे ठरतं. यावर दिलेल्या उत्तराला ‘म्हणणे’ म्हणतात. ते कैफियतीपर्यंत लांबवू नका. कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी हक्क कुणाचा दिसतो, मनाईने जास्त गैरसोय कुणाची होईल, आणि भरून न येणारं नुकसान होतंय का. त्यामुळे पीकपाहणीसह मागच्या काही वर्षांचे सातबारे आणि मोजणीचा नकाशा म्हणण्यासोबतच जोडा. ‘जैसे थे’चा हुकूम झाला तर त्यातली वाक्यं वकिलाकडून समजून घ्या आणि मगच औत घाला, मनाई मोडली तर जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. समोरचा मनाई मागणार अशी कुणकुण आधीच लागली असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘आधी मला ऐका’ असा अर्ज, दाखल करा; मग तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. ते ९० दिवस चालतं, नंतर नवं द्यावं लागतं.

पुढे सरतपास म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेली साक्ष, उलटतपास म्हणजे विरुद्ध वकिलाचे प्रश्न. पुरसीस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवलेली बाब. ती कोरी सही करून कुणाकडे ठेवू नका.

निकालात कारणं असतात, हुकूमनाम्यात नेमका आदेश. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. सही-शिक्क्याच्या नकलेला लागलेला वेळ वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच करा. एकतर्फा हुकूमनामा रद्द करून घेण्यालाही ३० दिवसच. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते कळल्या दिवसापासून मोजतात. जिंकलात तरी ताबा आपोआप मिळत नाही, त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. ताब्याच्या हुकूमनाम्याला तिची मुदत १२ वर्षं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासी कुटुंबांनी हे जरूर लक्षात ठेवावं. फोन १५१००. जाताना समन्स, दाव्याची नक्कल आणि सातबारा सोबत न्या.